सुचित्रा परबचं गाऱ्हाणं

भोईवाड्यातल्या त्या चाळीत सुचित्रा परबशी वाकडं घ्यायला सहसा कोणी धजत नसे. बाई भांडखोर होती म्हणून नव्हे. भांडखोर बायांचं चाळीला कौतुक नसतं. त्या सकाळी कचाकचा भांडतात आणि दुपारी एकमेकींकडे वाटी घेऊन साखर मागायला जातात. सुचित्रा भांडायचीच नाही. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, वर हसायचीसुद्धा, आणि ते बोलणं मनात अशा जागी नेऊन ठेवायची की तिथून ते कधी हरवू नये. तिच्या लग्नात तिच्या वडिलांना ‘बसा’ म्हणायला विसरलेल्या चुलत सासऱ्यांच्या ती आजतागायत पाया पडलेली नाही. ते समोर आले की नेमकी तेव्हाच तिची कंबर धरते.

ती साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. उजेड मिळावा म्हणून मशीन दाराला लागून मांडलेलं, त्यामुळे गॅलरीतून कोण गेलं, कोण आलं, कोणाच्या हातात कसली पिशवी होती, हे तिला मान वर न करता कळायचं. हात सफाईदार. परळ-भोईवाड्यातल्या निम्म्या बायका तिच्याचकडे साड्या टाकायच्या. अनुजासुद्धा टाकायची, आणि अनुजाच्या साड्यांना सुचित्रा कधीच नाही म्हणत नसे. फक्त एक होतं. फॉल लावण्याआधी तो पाण्यात भिजवून वाळवावा लागतो, म्हणजे जेवढा आटायचा तेवढा आधीच आटतो. हे एवढं काम सुचित्रा अनुजाच्या साड्यांपुरतं विसरायची. पहिल्या धुण्यात फॉल आटायचा, साडीच्या काठाला चुण्या पडायच्या, आणि अनुजा चारचौघींत चालताना पुन्हा पुन्हा खाली वाकून निऱ्या ओढत राहायची. दोष ती दुकानदाराला द्यायची. पाच वर्षांत तिने तीन दुकानं बदलली होती. सुचित्रा तिला म्हणायची, ‘हल्ली कापडच चांगलं येत नाही हो.’

आता एवढा डूख कशासाठी, ते सांगायला हवं.

अनुजा त्याच मजल्यावर, दोन खोल्या जोडून घेतलेल्या घरात राहते. खासगी बँकेत नोकरी, बोलणं शुद्ध, घरात पायपुसणंसुद्धा पडद्याला मॅचिंग. तिचा अर्णव आणि सुचित्राची आकांक्षा एकाच वर्गात. लॉकडाउनमध्ये शाळा कॉम्प्युटरवर भरायला लागली तेव्हा दोघं चौथीत होती. परबांच्या घरात धड फोन एकच, आणि तो खिशात घालून निलेश, म्हणजे सुचित्राचा नवरा, वडाळ्याच्या औषधांच्या गोदामात ड्युटीला जायचा. औषधांचं काम, त्यामुळे त्याला लॉकडाउन नव्हता. अशा वेळी अनुजा आपणहून म्हणाली, ‘पाठवा की आकांक्षाला आमच्याकडे, दोघं एकत्र बसतील.’ सुचित्राचे डोळे भरून आले. तिने त्याच दिवशी साजूक तुपातला शिरा करून धाडला. त्या शिऱ्याचं तूप तिला आजही आठवतं आणि आजही जिवाला लागतं.

काही दिवसांनी शाळेच्या बाईंचा निरोप आला, आकांक्षा वर्गाला येत नाही म्हणून. सुचित्रा चक्रावली. पोर तर रोज वही-पेन घेऊन वेळेवर जात होती. ती तशीच उठून अनुजाच्या दारात गेली. आत टेबलावर लॅपटॉप, समोर खुर्चीत अर्णव, आणि आकांक्षा टेबलाच्या पार कडेला, कपाटाला खेटून, मान लांब करून स्टुलावर बसलेली. बाईंनी कसलंसं उत्तर विचारलं. आकांक्षाला ते येत होतं, म्हणून ती हात वर करून पुढे सरकली. तशी अनुजाने मागून तिचा खांदा धरला, तिला बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाली, ‘कॅमेऱ्यात येऊ नकोस गं. बरं नाही दिसत.’

आकांक्षाच्या अंगात धुऊन धुऊन विटलेला फ्रॉक होता. सुचित्राने स्वतः शिवलेला.

ती उंबऱ्यावरूनच मागे फिरली. दुसऱ्या दिवसापासून पोरीला पाठवलं नाही. ‘आता आमची सोय झालीय, थँक्यू हां,’ असं अनुजाला तोंडभर हसून सांगितलं. सोय कसली डोंबलाची. पुढच्या वर्षी निलेशने कोणाकडून तरी जुना फोन आणला तेव्हा कुठे आकांक्षाचं घोडं पुढे सरकलं. पण त्या दिवशी मशीनवर बसताना सुचित्राने मनाशी ठरवलं ते असं, की माझ्या घरात लॅपटॉप येईल, आणि ज्या दिवशी येईल त्या दिवशी अनुजाचे हे शब्द सगळ्या मजल्यासमोर तिच्याच घशात घालीन.

यंदा आकांक्षा नववीत गेली. प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन क्लास, वर निलेशच्या पीएफची भानगड आणि गावच्या जमिनीचे उतारे. सगळं आता कॉम्प्युटरवरच. फोनच्या चिमूटभर पडद्यावर पोरीचे डोळे गेले तर कोण बघणार? निलेश म्हणाला, ‘घेऊया. स्वस्तातला बघ कुठला तरी.’ बिचाऱ्याला वाटलं, बायको लॅपटॉप घ्यायला निघाली आहे. बायको सूड घ्यायला निघाली होती आणि त्याला वाटेत लॅपटॉप लागणार होता.

पहिली फेरी दादरच्या एका झगझगीत शोरूममध्ये झाली. सुचित्रा, आकांक्षा आणि आकांक्षाची मैत्रीण दीपिका. दीपिका तळमजल्यावर आजीपाशी राहायची. दोघींचं सायन्सचं प्रोजेक्ट एकत्र होतं, म्हणून तीही आली. आकांक्षाने घरूनच सगळं काढून ठेवलं होतं.

‘आई, आठ जीबी रॅम, एसएसडी आणि चौदा इंच. बस. आपल्याला याच्यापुढे काय लागत नाही.’

सेल्समनने अदबीने विचारलं, ‘मॅडम, यूज काय आहे?’

‘यूज घरचाच,’ सुचित्रा म्हणाली. ‘पण दिसला पाहिजे.’

‘डिस्प्ले चांगला पाहिजे, असं का?’

‘नाही हो. गॅलरीतून जाणाऱ्याला दिसला पाहिजे.’

सेल्समनने असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं, पण तो धंद्याला पक्का होता. त्याने तिला थेट कोपऱ्यातल्या भल्यामोठ्या गेमिंग लॅपटॉपपुढे नेऊन उभं केलं. बटणांखालून लाल-निळे-हिरवे दिवे पळत होते. मंडळाच्या डेकोरेशनला एवढी लायटिंग नसेल. सुचित्रा बघतच राहिली. अनुजाकडचा केवढा, असं तिने लेकीला विचारलं. चौदा, आकांक्षा म्हणाली. ‘मग हा सतरा चालेल,’ सुचित्रा म्हणाली. जणू लॅपटॉप नसून सतरंजी घेत होती.

आकांक्षाने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि परत ठेवला. ‘आई, हा दप्तरात मावणारच नाही. मला शाळेत न्यायचाय ना. आणि बॅटरी बघ, सकाळी लावला तर शाळा सुटेपर्यंत पण टिकणार नाही. आपण काय गेम खेळणार आहोत?’

‘काकू, याचा पंखा तुमच्या मशीनपेक्षा मोठ्याने वाजतो,’ दीपिका हळूच म्हणाली.

सुचित्राला पंख्याची फिकीर नव्हती, उलट पलीकडच्या घरात ऐकू गेला तर बरंच. पण किंमत ऐकल्यावर तिचा सूडसुद्धा दोन पावलं मागे सरला. ती सेल्समनला ‘विचार करून सांगते’ म्हणाली आणि पायऱ्या उतरताना दोन्ही पोरींवर अकारण करवादली.

दुसऱ्या फेरीला ती गिरगावात वसंताकडे गेली. वसंता निलेशच्या मामाच्या गावचा. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान, आणि दुकानात मोठमोठ्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप. तो ते साफ करायचा, नवी डिस्क, नवी बॅटरी टाकायचा आणि विकायचा. त्याने एक काळाकुट्ट, कोपरे झिजलेला लॅपटॉप पुढे ठेवला.

‘वैनी, ह्यो बघा. दिसायला नाय काय, पण बांधा एकदम सॉलिड. शाळेतून आणताना-नेताना आपटला तरी टेन्शन नाय. बटणं बघा कशी मऊ. रॅम नंतर वाढवायची झाली तर वाढते. आणि वॉरंटी माझी. काय झालं तर मी हितंच बसलोय.’

आकांक्षा टाइप करायला बसलीसुद्धा. तिच्या बोटांवरून कळत होतं की तिचं ठरलं आहे. सुचित्राचं तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं झालं. दुसऱ्याने वापरून टाकलेला? हा घेऊन मी चाळीत जाऊ? अनुजा ओठ मुडपून ‘सेकंड हँड का?’ म्हणेल आणि मी ऐकून घेऊ?

तिने झाकणावरचा एक ओरखडा बोटाने पुसून पाहिला. मग एकदम म्हणाली, ‘कॅमेरा दाखव.’

वसंताने कॅमेरा लावला. पडद्यावर आकांक्षा आली. ‘तू हल नको,’ सुचित्रा म्हणाली. ‘खांदे दिसतायत? आता जरा डावीकडे सरक. अजून. अजून सरक. हां, आता दिसतेस?’ आकांक्षा अर्धी कापली गेली होती. एक डोळा, एक वेणी. सुचित्राने ते पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ‘नको हा,’ ती म्हणाली.

‘अहो वैनी, समोर बसल्यावर सगळीच दिसणार की ती! कडेला कशाला बसेल कोण?’

‘बसवतात लोक,’ सुचित्रा म्हणाली.

वसंताला काही कळलं नाही, पण त्याला तिच्या आवाजातलं काहीतरी कळलं असावं. त्याने ड्रॉवर उघडून एक सुटा कॅमेरा काढला, लॅपटॉपच्या डोक्यावर चिमट्यासारखा अडकवला आणि वायर जोडली. ‘ह्यो मीटिंगवाला. अख्खी खोली घेतो.’ आणि खरंच, पडद्यावर आकांक्षा आली, तिच्या बाजूला दीपिका आली, मागे पर्स छातीशी धरून उभी असलेली सुचित्रा आली, आणि पार दारात चहाचे ग्लास गोळा करणारा माणूसही आला. सुचित्राने पोरींना या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवलं, उठवलं, बसवलं. कुठेही बसलं तरी माणूस दिसत होतं.

‘यातून कोणाला बाहेर काढायचं म्हटलं तरी जमायचं नाही,’ ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी मनापासून हसली. काळा लॅपटॉप आणि डोक्यावरचा कॅमेरा, दोन्ही घेतलं. घासाघीस केली ती नुसती सवय म्हणून.

पण जुना लॅपटॉप दाखवून अनुजाची जिरणार नव्हती, हे सुचित्राला पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी तिने दुसरी तजवीज केली. लवू तात्यांची.

लवू तात्या गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहायचे. मालवणकडचे, गिरणीतून कधीच बाहेर पडलेले, बायको गेलेली. मजल्यावर कोणाकडे नवी वस्तू आली, फ्रिज असो की बाइक, की तात्यांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, हा रिवाज. गावच्या देवाला हाक मारायची, घरात काय आलं ते सांगायचं, काय हवं ते मागायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मिक्सरला गाऱ्हाणं घालतानासुद्धा तात्यांचा आवाज असा लागायचा की अंगावर काटा यावा.

सुचित्रा तात्यांकडे गेली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. स्टूल, कपाट, विटका फ्रॉक, शिरा. ‘तात्यांनू, गाऱ्हाण्यात ह्या इला पाह्यजे. आणि अनुजाचा नाव घेऊन इला पाह्यजे.’ एरवी ती घरात सरळ मराठी बोलायची, पण मनात खदखदायला लागलं की माहेरची मालवणी बाहेर यायची.

तात्यांनी नाव ऐकताच कानांना हात लावले. ‘नाव घेवचा नाय, बाय. माझ्या बापाशीन सांगून ठेवल्यान हा. नाव घेतला काय तां गाऱ्हाणा ऱ्हवणा नाय, भांडाण होता. काय केल्यान ता सांगायचा. कोणी केल्यान ता देवाक म्हायती असता.’

‘पण तिला कळलं पाहिजे ना!’

‘जेणी केला तेका कळताच,’ तात्या म्हणाले. ‘तू काळजी करू नको.’

सुचित्राने विचार केला आणि तिला ते उलट जास्तच आवडलं. नाव नाही घेतलं की अनुजा ऐकत राहील, ऐकता ऐकता तिला उमजेल, आणि तेवढ्यात सगळा मजला ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल. तिलाही म्हणावं लागेल. स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत. सुचित्रा घरी आली तेव्हा गुणगुणत होती. आकांक्षा दाराशी बसून अभ्यास करत होती. तिने आईकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

दिवेलागणीला सगळा मजला जमला. पाटावर लॅपटॉप, त्यावर हळदकुंकवाची बोटं, बाजूला नारळ. अनुजा अर्णवला घेऊन आली ती अबोली रंगाची सिल्कची साडी नेसून. काठाला चुण्या पडल्या होत्या. सुचित्राने ते पाहिलं आणि तिचा जीव थंडावला.

‘अय्या, रीफर्बिश्ड घेतलात का?’ अनुजा म्हणाली. ‘छान केलंत हो. मुलांना सुरुवातीला असाच द्यावा. बजेटमध्येही बसतो ना.’

‘या ना, पुढे या,’ सुचित्रा म्हणाली आणि तिला हाताला धरून अगदी पाटासमोर आणून उभं केलं.

आकांक्षाने पाहुण्यांना गंमत म्हणून कॅमेरा लावून ठेवला होता. पडद्यावर सगळी खोली दिसत होती. बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून स्वतःला बघत होत्या. दाराबाहेर दीपिका उभी होती आणि तिच्या मागे तिची आजी, राधाबाई. पालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून उभी हयात काढलेली, पांढरी साडी, ताठ मान. सुचित्राला जरा नवल वाटलं. राधाबाई बौद्ध, असल्या पूजेबिजेला त्या कधी येत नसत, आणि सुचित्राने त्यांना बोलावलंही नव्हतं. पण आज तिला नवल करायला वेळ नव्हता. तात्यांनी टोपी सारखी केली होती.

‘बा देवा म्हाराजा!’ तात्यांचा आवाज लागला आणि गलबला थांबला. ‘आज ह्या परबांच्या घरात नवी वस्तू इली हा, ती तुझ्या पायाकडे ठेवली हा रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्या चेडवाक इद्या दी, बुद्धी दी, तिचा नाव मोठा होवंदे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ अनुजाचाही आवाज त्यात होता, हौसेने लावलेला.

‘आणि म्हाराजा...’ तात्या थांबले. सुचित्रा अनुजाकडे वळली. ‘जेणी कोणी शिकणाऱ्या पोराक घरात बोलवन भायर बसवल्यान असात, जेणी कोणी देवाच्या लेकराक कमी लेखल्यान असात, तेणी जा केला, ता तेच्याच पदरात घाल रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

अनुजानेही म्हटलं. मोठ्याने, हसऱ्या चेहऱ्याने. तिच्या डोळ्यांत काही म्हणता काही हललं नाही. सुचित्रा तिच्याकडे रोखून बघत होती. अनुजाने तर ओळखीचं म्हणून उलट मान डोलावली. या बाईला आठवतच नव्हतं! सुचित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं रोज रात्री जे तिने उशाला घेतलं, ते ही बाई त्याच संध्याकाळी विसरली होती. तात्या बाकीचं गाऱ्हाणं आटपत होते, चुकलंमाकलं पदरात घे म्हणत होते. त्यांनी नारळ फोडला. सुचित्राला काही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात अनुजाच तिच्याजवळ सरकली. ‘अहो, ते कोणाबद्दल होतं हो? मुलांना बाहेर बसवल्याचं? असं खरंच कोणी केलं?’

सुचित्राच्या जिवात जीव आला. दैव असं आपणहून ताट वाढून पुढे करतं कधी कधी. ‘सांगते ना,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांनाच सांगते. आधी प्रसाद देऊन घेते.’ सगळ्यांच्या हातावर खोबरं पडू दे, तोंडं बंद होऊ देत, मग कसं खोलीत शांत होईल आणि शब्द न् शब्द ऐकू जाईल. तिने ताटली घेतली आणि वाटत वाटत ती दारापर्यंत आली.

‘अहो राधाबाई, बाहेर का उभ्या? या ना आत.’

‘नको. मी प्रसाद घेत नाही, तुम्हाला माहिती आहे,’ राधाबाई म्हणाल्या. त्यांनी खाली, उंबऱ्याशेजारी पाहिलं. तिथे पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. ‘मी जागा बघायला आले होते. हीच ना ती? दीपिका बसायची ती?’

सुचित्राने ताटली दुसऱ्या हातात घेतली.

‘तुमच्याकडे फोन आला त्या वर्षी. पोरगी वही घेऊन आली, तर तुम्ही म्हणालात, बाहेरनं दिसतं की, तिथंच बस. बसली चपलांत. एवढ्याशा फोनमधलं काय दिसणार हितनं? पण बसायची. मला येऊन सांगायची, आजी, आज गणित झालं.’

‘करोना होता हो तेव्हा...’

‘होता ना. सगळ्यांनाच होता,’ राधाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘आत मजल्यावरची चार पोरं बसलेली होती.’

सुचित्राने ‘मला नाही आठवत’ म्हणायला तोंड उघडलं. पण तिला आठवत होतं. तिला सगळंच आठवायचं, तोच तर तिचा रोग. दीपिकाची निळी वही आठवली, आपण पायाने चपला सरकवून तिला जागा करून दिली तेही आठवलं, आणि त्या वेळी आपण केवढं औदार्य केलं असं आपल्याला वाटलं होतं, तेही. हे सगळं इतकी वर्षं तिच्याच मनात होतं. फक्त तिने तिकडे कधी बघितलं नव्हतं.

‘तुम्हाला... कोणी बोलावलं?’ तिने कसंबसं विचारलं.

राधाबाईंनी सुचित्राच्या खांद्यावरून आत पाहिलं. सुचित्रा वळली. आकांक्षा लॅपटॉपपाशी बसली होती आणि थेट आईकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. शांत, किंचित हसरी. फॉल न भिजवता साडीची घडी घालून देताना सुचित्राचा चेहरा असाच दिसायचा. पोरीने त्या दिवशी दाराशी बसून सगळं ऐकलं होतं, तात्यांशी काय ठरलं तेही, आणि तळमजल्यावर जाऊन आमंत्रण देऊन आली होती. मैत्रिणीचा अपमान तिने चार वर्षं जपला होता. आई सांगेल तिथे हसली होती, मान हलवली होती, आणि वाट बघितली होती. शेवटी सुचित्राचीच लेक.

‘सांगा ना हो,’ अनुजा मागून म्हणाली. खोबरं चघळत सगळा मजला आता सुचित्राकडे बघत होता. खोली तिला हवी होती तशीच शांत झाली होती.

सुचित्राने ताटली मशीनवर ठेवली. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. तात्यांचं असंच असतं, पूर्वीपासून म्हणतात, असं म्हटलं असतं तर कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता. अनुजा सुखाने घरी गेली असती. आणि तेवढं मात्र सुचित्राला मेल्यावरसुद्धा सहन झालं नसतं. बुडायचंच असेल तर एकटीने बुडण्यातली ती नव्हती.

‘तुमच्याबद्दल होतं,’ ती अनुजाला म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. ‘माझ्या आकांक्षाला तुम्ही कॅमेऱ्याबाहेर ढकललंत. बरं नाही दिसत म्हणालात. मी दारात उभी होते.’

अनुजाचा चेहरा पांढरा पडला. तिने अर्णवचा हात धरला. अर्णव खाली बघत होता. त्याला आठवत असावं.

‘आणि माझ्याबद्दल,’ सुचित्रा म्हणाली. ‘दीपिकाला मी इथे चपलांत बसवलं.’

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाटावरच्या पडद्यात सगळी माणसं दिसत होती, अनुजा, अर्णव, तात्या, आकांक्षा, आणि पार मागे दारातल्या दोघी.

‘एवढंच ऐकायचं होतं,’ राधाबाई म्हणाल्या. त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला. ‘तुला थांबायचं तर थांब गं. मी जाते.’

दीपिकाने आत आकांक्षाकडे पाहिलं, सुचित्राकडे पाहिलं, आणि ती आजीमागोमाग जिना उतरून गेली.